मिरीचा काटा आणि दायांगचे पोट

मित्रांनो, मी एक वजनकाटा आहे, आणि जुना झालो हे सांगायला मला लाज वाटत नाही. माझा पाट बिडाचा आहे आणि दांडी पितळेची. कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यात मला ओतले, गवत भरलेल्या खोक्यात घातले आणि बोटीने समुद्रापलीकडच्या उष्ण बेटावरच्या कुचिंग शहरात आणले. नदीसमोर सिमशेठची मिरीची वखार होती. तिथे माझा जन्म झाला असेच मी मानतो, कारण त्याआधी माझ्यावर कुणी काही ठेवले नव्हते.

नदीच्या वरच्या अंगाला राहणारे इबान जमातीचे शेतकरी होड्या भरून मिरी आणत. वर्षभराची मेहनत माझ्या पाटावर चढे आणि दांडी स्थिर होईपर्यंत ते श्वास रोखून बघत उभे राहत. सिमशेठ रोज सकाळी आधी दांडी रिकामी तपासत आणि मगच पहिले पोते घेत. "माझा काटा कुणाचा मिंधा नाही," असे ते म्हणत. हे ऐकून मला फार बरे वाटे.

पुढे विजेवर चालणारा काटा आला. मला भिंतीकडे सरकवले. माझ्यावर फाटकी पोती पडली, दांडीवर कोळ्यांनी घर केले. किती वर्षे गेली ते मी मोजले नाही.

मग एका सकाळी वखारीत एक बाई आली. तिचे नाव दायांग सफ्तुया. वय सत्तेचाळीस. हातात हॉस्पिटलचा कागद होता. हॉस्पिटलचा काटा दीडशे किलोला थांबत होता आणि ऑपरेशनआधी खरे वजन हवे होते, म्हणून तिला मोठा काटा शोधायला सांगितले होते. विजेचा काटा नेमका त्या दिवशी बिघडलेला. माझ्यावरची पोती काढली आणि ती माझ्यावर उभी राहिली.

पोती वाहणारा एक हमाल ओरडला, "शेठ, ही पांढरी मिरी की काळी?"

दायांग वळलीसुद्धा नाही. "काळी. आणि तिखट. चाखून बघतोस?"

सगळे हसले, तीही हसली. पण तिची पावले थरथरत होती. दांडी काही केल्या ठरेना. ते फक्त मला कळले. शेवटी आकडा ठरला, एकशे अडुसष्ट. सिमशेठनी तो स्वतः कागदावर लिहिला आणि मोठ्याने वाचला नाही.

आठवड्याभराने त्या हॉस्पिटलच्या डॉक्टर जोंग आल्या. बुटक्या, भरभर बोलणाऱ्या. "शेठ, माझ्या पेशंटना पोत्यांच्या रांगेत उभं राहावं लागतं. हा काटा मला द्या."

"घेऊन जा," शेठ म्हणाले. "इथे त्याच्यावर कोळी राहतात."

असा मी हॉस्पिटलात आलो. माझ्या शेजारी सिस्टर एंपियांगचे टेबल होते. ती इबान, पन्नाशीची, दिसायला कडक. तिच्या सासरची मिरी मीच तोलली होती, हे तिला माहीत नव्हते.

वजन कमी करायच्या ऑपरेशनचे प्रकार मी तिथेच ऐकले. डॉक्टर जोंग ते दायांगला समजावत होत्या आणि दायांग माझ्यावर उभी होती.

"ताई, पोट म्हणजे पोतं समजा. एक रीत अशी की वरच्या तोंडाजवळ पट्टा आवळायचा. पट्टा काढता येतो, पण तो सरकतो, वजनही कमीच उतरतं. बऱ्याच जणांना पुढे काढून टाकावा लागतो. मी आता सहसा बांधत नाही."

"मग?"

"दुसरी रीत, पोतं उभं कापायचं. मोठा भाग काढून टाकायचा आणि केळ्याएवढी नळी ठेवायची. भूक कमी होते, वजन चांगलं उतरतं. पण कापलेलं परत लावता येत नाही. आणि ज्याला जळजळ आहे, आंबट पाणी घशाशी येतं, त्याचा त्रास याने वाढू शकतो. तिसरी रीत बायपासची. वर अंड्याएवढी थैली ठेवायची आणि अन्नाला आतड्यात पुढे नवी वाट काढून द्यायची. साखरेच्या आजाराला ती चांगली, जळजळीलाही चांगली. पण जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. आणि गोड खाल्लं की घाम फुटतो, छाती धडधडते, आडवं पडावं लागतं."

"गोड अजिबात नाही?"

"चमचाभरही पुष्कळांना सोसत नाही."

दायांगचा धंदा थरांच्या केकचा. रंगीत वीस-वीस थर, एकेक थर वेगळा भाजायचा, प्रत्येक पिठाची चव बघायची. ईदच्या आधी तिच्या दारात रांग लागे.

"मग नळीच करा," ती म्हणाली.

"जळजळ होते का?"

"कधीच नाही."

माझी दांडी हलली. डॉक्टर कागदावर लिहीत होत्या. डॉक्टर आणि सिस्टर बाहेर गेल्यावर दायांगने पिशवीतून पांढरी गोळी काढून चघळली आणि छाती चोळली. मित्रांनो, मी ओरडून सांगितले असते. पण काट्याला तोंड नसते.

आमच्याकडे एक रीत आहे. समोर कुणी असेल तर त्याला विचारल्याशिवाय खायचे नाही. आणि ज्याला विचारले त्यानेही नुसते नको म्हणून उठायचे नाही. खायचे नसेल तर अन्नाला बोट लावायचे आणि ते बोट ओठाला टेकवायचे. नाहीतर वाटेत साप निघतो, होडी उलटते. शिकलेली माणसेसुद्धा हे पाळतात.

दायांग दर आठवड्याला वजनाला येई. पहिल्यांदा एंपियांग मुरवलेली अंबाड्याची आंबट फळे खात होती. डबा पुढे केला. दायांगने बोट लावले. पुढच्या आठवड्यात मीठमिरची लावलेले अननस होते. त्यालाही बोट. एंपियांग खूश झाली, बाई पथ्याला पक्की आहे म्हणून. तिसऱ्या आठवड्यात उकडलेली रताळी होती. दायांगने एक अख्खे खाल्ले आणि दुसऱ्याला हात घातला.

एंपियांगने डबा मागे ओढला. "थांब. अंबाड्याला बोट, अननसाला बोट, आणि रताळं अख्खं? कुचिंगची बाई आंबट कधीपासून सोडायला लागली?"

"दात आंबतात, सिस्टर."

"दात की छाती?"

दायांगने गोळ्यांच्या पिशवीचे तोंड आवळून धरले.

"झोपतेस कशी?"

"खुर्चीत. चार वर्षं झाली."

"आणि डॉक्टरांना म्हणालीस, कधीच नाही!"

"सांगितलं तर बायपास करतील. मग माझा केक कोण चाखणार? माझ्या आईची चव आहे ती. दुसरं काय येतं मला?"

"आता बसून झोपतेस. जळजळ असताना नळी केलीस तर उभ्याने झोपशील. घोड्यासारखी."

दायांगला हसू आले आणि हसता हसता रडूही आले.

"मी नाही सांगणार डॉक्टरांना," एंपियांग म्हणाली. "पोट तुझं आहे, तूच सांग. मी इथे बसलेय. तू आत जाऊन आल्याशिवाय हा डबा उघडणार नाही. आणि मला भूक लागलीय."

दायांगने डोळे पुसले. मग उठली, दार ढकलले आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "डॉक्टर, मी खोटं बोलले."

दुर्बिणीने तपासले तेव्हा अन्ननलिका खाली भाजल्यासारखी लाल दिसली. डॉक्टर रागावल्या नाहीत. "बरं झालं आधी कळलं," एवढेच म्हणाल्या. नळीचा बेत मोडला, बायपास ठरला.

सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. पुढच्या ईदला दायांगने हट्टाने केकचे दोन तुकडे खाल्ले आणि स्वयंपाकघरात फरशीवर आडवी पडली. मग पीठ चाखायचे काम नणंदेकडे, सालमाहकडे गेले.

"ऑपरेशन सोपं होतं, सिस्टर," दायांग म्हणायची. "सालमाहच्या जिभेवर भरवसा ठेवणं अवघड. ती म्हणते साखर कमी, मी म्हणते तू लहानपणापासून हावरट."

केक आता पूर्वीसारखा राहिला नाही, असे काही गिऱ्हाइके म्हणाली. हे तिला लागले. एकदा गोळ्यांची टाळाटाळ केली, तर केस मूठभर गळाले आणि एंपियांगची बोलणी खावी लागली. पण दीड वर्षात माझी दांडी एकशे अडुसष्टवरून एकशे चारवर आली आणि तिची पावले माझ्यावर थरथरायची थांबली. ती आता बिछान्यावर, आडवी होऊन झोपते.

बंदरावरच्या एका क्रेन चालवणाऱ्याला नळीच मानवली, कारण त्याला जळजळ नव्हती. एका मास्तरीणबाईंचा जुना पट्टा काढावा लागला. एकच ऑपरेशन सगळ्यांना चांगले, असे मी इतक्या वर्षांत पाहिले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या काट्यावर कुणी उभे राहिले तर आकडा वाचून हसू नका. आकडा फक्त किती ते सांगतो. माणूस झोपतो कसा, त्याने कोणता घास सोडला आणि तो कशाला भितो, हे तुम्हीच विचारायला हवे. आणि काट्यावर तुम्ही स्वतः असाल, तर डॉक्टरांपासून काही लपवू नका. माझी दांडी चुकली तर खालचा स्क्रू फिरवून ती पुन्हा शून्यावर आणता येते. पोटाला असा स्क्रू नसतो.