आप्पांच्या शेजारची सुपारी

बहात्तरच्या दुष्काळात माणसं प्यायच्या पाण्यासाठी दोन-दोन कोस चालत होती, आणि धोंडीराम आप्पांना सुचला सहकारी साखर कारखाना! उसाचं कांडं औषधाला सापडत नव्हतं. पण आप्पांना चेअरमन व्हायचं होतं, आणि चेअरमनला गर्दी लागते. गर्दीसाठी तमाशातली केशरबाई नेकनूरकर हवी. तिचा वग आहे म्हटलं की खडी फोडणाऱ्या बायासुद्धा रोजगार बुडवून येत.

केशरबाईला त्रेपन्न वर्षं झाली होती. तोंडाला रंग लागला की ती अजून राणी दिसायची. रंग उतरला की गुडघे बोलायचे. आप्पांशी तिचं सात वर्षांपासून जुळलं होतं. आप्पांची बायको त्याआधीच वारलेली, म्हणजे केशरबाईनं कुणाच्या ताटातलं ओढून घेतलं नव्हतं. आणि आप्पांनी आपल्या तोंडानं शब्द दिला होता, "भूमिपूजनाला माज्या शेजारी तूच बसशील. समद्या तालुक्यादेखत." त्या शब्दावर तिनं खेळ कबूल केला. चाळीस वर्षं संवाद म्हणणाऱ्या बाईला खोटा संवाद ओळखू येऊ नये, याला काय म्हणावं!

पूजेच्या दिवशी ती हिरवं लुगडं नेसून, नथ घालून सकाळपासून राहुटीत बसली. बोलवायला कुणी येईना. शेवटी तिच्या मागं सूर धरणारी भामाबाई धापा टाकत आली.

"आक्का, पूजा सुरू झाली."

"मला न बोलवता? शेजारी कोन बसलंय?"

"कुनी न्हाई. सुपारी मांडलीय."

बायको हजर नसली की तिच्या जागी सुपारी मांडून पूजा उरकायची रीत केशरबाईला ठाऊक होती. पण इथं तर जितीजागती बाई हाकेच्या अंतरावर नटून बसली होती.

"कावून पर?"

"संचालक म्हनले, फडातली बाई पाटावर बसली तर लोक शेअर घेनार न्हाईत. आप्पा लगीच हो म्हनले. तुमी फकस्त दुपारी नाचा, असा निरोप हाय."

केशरबाईच्या अंगाची लाही लाही झाली. गर्दी जमवायला ती चालते, दुखण्यात आप्पांच्या उशाशी बसायला ती चालते, आणि पाटावर मात्र सुपारी! असल्या मोठेपणाला आग लागो.

ती तरातरा मांडवात शिरली. पाटावरची सुपारी उचलली, तोंडात टाकली आणि कडकन फोडली. गुरुजींचा मंत्र अर्ध्यातच राहिला.

"केशर, लोक बघतेत," आप्पा दबक्या आवाजात म्हणाले.

"बघू द्या. त्याच्यासाठीच तर बोलावलंत मला."

अजूनही ते नुसतं 'बस' म्हणाले असते, तर ती बसली असती. त्यासाठी ती थांबली, खरंच थांबली. आप्पांनी मान खाली घातली आणि गुरुजींना खूण केली. गुरुजींनी पिशवीतून दुसरी सुपारी काढली. आप्पांनी ती कलंडू नये म्हणून बोटानं तांदळात नीट बसवली.

केशरबाईनं तोंडातला चुरा थुंकला आणि मांडवाकडं तोंड केलं. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तिचा आवाज अजून शाबूत होता.

"मायबापहो, आज वग न्हाई! आप्पांनी नवी अस्तुरी आनलीय. दुपारी तिलाच नाचवा!"

आधी खडीवरच्या बाया हसल्या. मग अख्खा मांडव हसला. आणि मग लोक धोतरं झटकत उठायला लागले.