चाळीस सेकंद चित्र बंद

सरांचा पाय मोडला तो पाहण्यापायी. जिन्याच्या कठड्यावरून वाकून ते खालच्या मजल्यावर कोण कोणाशी इतकं हळू बोलतंय ते पाहत होते. जरा जास्त वाकले आणि थेट बोलणाऱ्यांच्या मधोमध जाऊन पडले. त्या दोघी शेजारणींनीच त्यांना उचललं. त्या काय बोलत होत्या ते मात्र सरांना अजून कळलेलं नाही आणि पायापेक्षा तेच जास्त दुखतं.

चौतीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं, पण नाव झालं ते कॉपी पकडण्यात. बुटातली चिठ्ठी, कॅल्क्युलेटरच्या झाकणामागची चिठ्ठी, बँडेजखालची चिठ्ठी, सगळ्या त्यांनी काढल्या. परीक्षेच्या वर्गात ते नुसते दारात उभे राहिले तरी अभ्यास करून आलेली मुलंसुद्धा घामाघूम व्हायची. ‘आपली एकही पकड चुकली नाही’ हे ते निवृत्तीच्या भाषणात दोनदा म्हणाले होते. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं. बायकोही म्हणायची, पण चिडली की.

बायको औषधांच्या दुकानात कामाला. सकाळी साडेआठला जायची ती संध्याकाळी सहाला यायची. मांडीपर्यंत प्लास्टर घातलेल्या नवऱ्याला एकटं कसं सोडायचं म्हणून तिने एक ताई ठेवल्या. नऊ ते एक. स्वयंपाक करायचा, सरांना धरून न्हाणीघरापर्यंत न्यायचं आणि मागतील तेव्हा चहा द्यायचा.

आणि मेहुण्याने दिला कॅमेरा. त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं आणि दाजींचा स्वभाव त्याला पाठ होता.

“आता अंथरुणातूनच पाहा, दाजी,” तो म्हणाला. “मोडायला एकच पाय उरलाय.”

बिनतारी कॅमेरा, मुठीएवढा. स्वयंपाकघराच्या फळीवर बसवला की ओटा, टेबल आणि मागचं दार एका नजरेत यायचं. फ्रिजवर राउटर होता, तो कॅमेऱ्याचं चित्र सरांच्या मोबाईलवर पाठवायचा. चित्र जात असलं की त्यावर हिरवा दिवा, तुटलं की लाल. शिवाय कॅमेऱ्याला कान होते आणि तोंडही होतं. सर इथे बोलले की तिकडे डबी बोलायची.

पहिल्याच दिवशी ताई स्टुलावर बसून बटाटे सोलत होत्या. फळीवरून आवाज आला, “बसून कामं होतात का?”

ताईंच्या हातातला बटाटा सुटून फ्रिजखाली गेला. त्यांनी दाराकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग डबीकडे. उठल्या आणि स्टूल पायाने टेबलाखाली सरकवून उभ्याने सोलायला लागल्या. सरांना तीन आठवड्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. उंटावरून शेळ्या हाकायची इतकी उत्तम सोय आयुष्यात कधी झाली नव्हती.

सुख दोनच दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी पावणेदहाला चित्र थिजलं. ताई ओट्याकडे वळता वळता एक पाय उचललेल्या अवस्थेत तशाच राहिल्या आणि खाली अक्षरं आली, ‘संपर्क तुटला आहे’. पाऊण मिनिटाने चित्र परत आलं तेव्हा ताई ओट्याशी उभ्या होत्या, जसं काही घडलंच नाही. साडेदहाला पुन्हा तेच. सव्वाअकराला पुन्हा.

सरांनी आधी शास्त्रशुद्ध मार्ग धरला. तोच कॅमेरा घेतलेल्या लोकांचे अनुभव इंटरनेटवर वाचले. एकाने पाच तारे दिले होते: ‘कॅमेरा उत्तम. चोर आला तेव्हा बंद होता, पण तो गेल्यावर लगेच चालू झाला.’ दुसऱ्याचं म्हणणं, मांजर स्पष्ट दिसतं, माणूस नाही. तिसऱ्याने एकच तारा देऊन लिहिलं होतं, ‘बायकोला वाटतं मी तिच्यावर लक्ष ठेवतो. ठेवत होतो, पण काही दिसत नव्हतं.’ एक लांबलचक अनुभव ‘मी हॉटेलात स्वयंपाकी आहे’ असा सुरू होत होता. स्वयंपाक्याला यातलं काय कळणार म्हणून सरांनी तो ओलांडला. एवढं सोडून बाकी एकशे बारा अनुभव त्यांनी वाचले.

मग त्यांनी चौकटीची वही मागवली. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात पेन्सिल. दोन्ही हात असे गुंतलेले असल्यामुळे शेजारच्या स्टुलावरचा चहा दर वेळी गार व्हायचा आणि सर हाक मारायचे, “ताई, चहा गार झालाय.” ताई यायच्या, कप घेऊन जायच्या, गरम करून आणायच्या. तोही गार व्हायचा. एका सकाळी असं चार वेळा व्हायचं.

वहीत नोंदी होत्या त्या अशा: ‘९.४२, कप घेऊन गेली, चित्र बंद. ९.४३, चित्र चालू. चेहरा निष्पाप.’ पुढे, ‘१०.३१, कप घेऊन गेली, चित्र बंद. १०.३२, चालू. चेहरा निष्पाप.’ अशी दोन आठवड्यांची सहा पानं. जे तुम्हा-आम्हाला पहिल्या पानावर दिसलं ते सरांना सहाव्या पानावरही दिसेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. सरांचा तर कळसा काखेतही नव्हता, समोर स्टुलावर होता आणि वर साय धरत होता.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी वही बायकोपुढे ठेवली.

“कॅमेरा फक्त ती असतानाच बंद पडतो. दुपारी एकदाही नाही. ती गेली की घोड्यासारखा चालतो.”

“आणि रविवारी?”

“रविवारी तू त्याच्यावर फडकं टाकतेस.”

“टाकणारच. मला माझ्या स्वयंपाकघरात पर्यवेक्षक नको.” बायकोने पानं चाळली. “बरं, चाळीस सेकंदांत ती करते काय? फ्रिज उचलून नेते?”

“चिठ्ठी काढायला सात सेकंद पुरतात.”

“घरातलं काय गेलंय?”

“काही नाही,” सर म्हणाले. “तेच तर संशयास्पद आहे.”

बायकोने वही मिटली. “अहो सर, ती पहाटे चारपासून बेकरीत उभी असते. तिथून सरळ आपल्याकडे येते. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. काल मुद्दाम लवकर येऊन मागच्या दारात मला विचारत होती, सर नाराज आहेत का, मला हे काम हवंय हो म्हणून.”

“ऐकलंय मी ते,” सर म्हणाले. कॅमेऱ्याला कान होते ना. “ज्याच्या मनात काही नसतं तो असं विचारत नाही. शनिवारी तिला सांगून टाक, सोमवारपासून येऊ नको म्हणून.”

“पुरावा दाखवा, सांगते. नाही दाखवला तर ती राहील आणि कॅमेरा जाईल.”

पुराव्याला सर कधीच डगमगले नव्हते. त्यांनी मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, “त्यात काय, दाजी. मोबाईलवर चित्र आलं नाही तरी कॅमेरा पाहतच असतो. त्याच्या पोटात कार्ड आहे. जे तुम्हाला दिसलं नाही ते सगळं त्यात असणार.” सरांच्या अंगावर काटा आला. तुटलेल्या सगळ्या मिनिटांची उत्तरपत्रिका इतके दिवस फळीवर बसून होती.

शुक्रवारी ताई गेल्यावर मेहुणा आला. कार्ड काढून लॅपटॉपमध्ये घातलं आणि लॅपटॉप सरांच्या प्लास्टरवर ठेवला. सरांनी वही उघडून वेळ सांगितली, सोमवार, ९.४२.

ताई कप घेऊन स्वयंपाकघरात आल्या. फ्रिजशेजारच्या मायक्रोवेव्हमध्ये कप ठेवला, कळ दाबली. आतला दिवा लागला, कप फिरायला लागला. ताईंनी फळीवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्याचा हिरवा दिवा लाल झाला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडावा तसं दिसलं. मग त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला, हनुवटी वर केली, एक तर्जनी हवेत उचलली आणि नाकातून आवाज काढला, “बसून कामं होतात का?” आणि एक पाय ताठ ठेवून, दुसऱ्यावर लंगडत, हातातल्या नसलेल्या वहीत नसलेल्या पेन्सिलीने काहीतरी टिपत त्या टेबलाभोवती एक पूर्ण फेरी मारून आल्या. मायक्रोवेव्ह ‘टिंग’ वाजला. ताई सरळ झाल्या. चेहरा निष्पाप.

मेहुणा पलंगावरून घसरून जमिनीवर बसला. “दाजी,” त्याला बोलवेना, “दाजी, हुबेहूब…”

“तिने कॅमेरा बंद कसा केला ते सांग.” सरांचे कान लाल झाले होते.

“तिने कुठे केला? तुम्ही केलात.” मेहुण्याने डोळे पुसले. “मायक्रोवेव्ह लागला की त्याच्या लहरी याच्या लहरींत घुसतात. जुना आहे तुमचा, त्यात राउटर अगदी त्याच्या उशाला. चहा गरम होईपर्यंत चित्र येणारच नाही. इंटरनेटवर कोणीतरी लिहिलं असेलच की.”

सरांना तो स्वयंपाकी आठवला. “पुढचं लाव,” एवढंच म्हणाले. “१०.३१.”

साडेदहाला नक्कल नव्हती. ताईंनी कप ठेवला, कळ दाबली, दिवा लाल झालेला पाहिला. मग फ्रिजला पाठ लावून खाली घसरत गेल्या आणि फरशीवर पाय लांब करून बसल्या. चप्पल काढली. एका हाताने टाच दाबली, दुसऱ्या हाताने दुसरी. मग डोकं मागे टेकून डोळे मिटले. कप फिरत होता. टिंग. ताईंनी जमिनीला हात टेकला, एक गुडघा, मग दुसरा, आणि उठल्या.

सव्वाअकराला तसंच. बाराला तसंच. मंगळवारी चारही वेळा तसंच. बुधवारी एकदा त्यांना डुलकी लागली आणि टिंग ऐकून त्या इतक्या दचकून उठल्या की डोकं फ्रिजच्या दांडीवर आपटलं.

मेहुणा हसायचा थांबला होता. “दाजी, या स्टुलावर का बसत नाहीत? टेबलाखाली आहे की.”

सरांनी वहीची पानं मागे उलटली. चार तास ती बाई उभी असायची आणि दिवसाकाठी तीन मिनिटं बसायची. तीही फरशीवर, तीही सर पाहत नसताना. ती तीन मिनिटं आपण वहीत गुन्हा म्हणून मांडली. सरांना लाज वाटली. चौतीस वर्षांतली कधीच न वाटलेली सगळी एकदम वाटावी तशी. मान खाली घालून स्वतःच्या तळहाताकडे पाहणारी कितीतरी पोरं त्यांना आठवली, आणि त्या सगळ्यांच्या तळहातावर काही लिहिलेलं होतंच, असं आता त्यांना छातीठोकपणे सांगता येईना.

“सोपं आहे,” मेहुणा उठत म्हणाला. “राउटर फ्रिजवरून काढून इकडे बैठकीत आणतो. दोन मिनिटांचं काम. मग चित्र कधीच तुटणार नाही.”

“नको,” सर म्हणाले.

“अहो, पण…”

“राहू दे तिथंच.”

संध्याकाळी बायकोने विचारलं, “पुरावा मिळाला?” सर म्हणाले, “मिळाला.” “मग ताईंना काय सांगू?” “काही सांगू नकोस.” बायकोने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “अहो सर, चूक झाली की ती तोंडाने सांगायची असते. पोरांना तुम्हीच शिकवायचात.” सरांनी भिंतीकडे तोंड केलं. मांडीपर्यंत प्लास्टर असलेल्या माणसाला ते करायला बराच वेळ लागतो, त्यामुळे रागाचा परिणाम साधला नाही.

शनिवारी ताई नऊच्या ठोक्याला आल्या. त्यांना काहीतरी कुणकुण लागली असावी, कारण त्यांनी न सांगता सरांची उशी झटकली, खिडकी उघडली आणि चहा नेहमीपेक्षा लवकर आणला. कप स्टुलावर ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या.

“सोमवारी येऊ ना, सर?”

“न यायला काय झालं?” सर खेकसले.

ताईंनी श्वास सोडला. जायला वळल्या. सरांच्या तोंडात रात्रभर घोळवलेलं एक वाक्य होतं, त्यात ‘चुकलं’ हा शब्द होता. ते ओठांपर्यंत आलं, तिथे अडलं आणि त्याच्या जागी दुसरंच बाहेर पडलं.

“ताई, चहा गार झालाय.”

ताईंनी कपाकडे पाहिलं. “आत्ता तर आणला, सर. वाफ दिसतेय अजून.”

“गरम करून आणा. चार मिनिटं.”

“चार मिनिटांत उतू जाईल तो.”

“जाऊ दे.”

सर छताकडे पाहत होते. “आणि ते स्टूल,” ते छतालाच म्हणाले, “टेबलाखाली धूळ खात पडलंय. वस्तू वापरायला असते.”

ताई कप घेऊन गेल्या. मोबाईलवर चित्र थिजलं, एक पाय उचललेला, आणि खाली अक्षरं आली. सरांनी मोबाईल उपडा ठेवला. पेन्सिल वहीत घालून वही उशीखाली सारली आणि चार मिनिटं ते पंख्याची पाती मोजत पडून राहिले. तीन होती. पुन्हा मोजली, तरी तीनच.

टिंग ऐकू आलं. त्यानंतरही बऱ्याच वेळाने ताई आल्या. कपात अर्धाच चहा उरला होता, बाहेरून ओघळ वाळलेले, वर काळपट साय. सरांनी तो तोंड वाकडं न करता शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

ताईंनी रिकामा कप उचलला. “दुसरा आणू, सर? गारच आणते.”

चेहरा निष्पाप.