चाळणीवरचे गोटे

आमच्या प्रयोगशाळेत डोंगरातला ओढा लांबलचक लाकडी पन्हळीतून वाहतो. वरच्या टोकाला पंप, मध्ये वीतभर पूल, खाली काठांवर रंगवलेली घरं. पुराबरोबर येणारे दगड पुलाखाली अडकले की पाणी कुठं शिरतं, हे पाहायला ही पन्हळ बांधली. पण आमच्या सरांची रीत अशी, की पाण्यात सोडायची रेती आधी चाळून घ्यायची. चाळणीवर राहिलेले गोटे बादलीत.

"अगं, ते पुलाखाली अडकतात. प्रयोग बिघडतो," असं ते मला गंभीरपणे सांगत.

देवानं डोंगर घडवताना सरांचा सल्ला घेतला नाही, चुकलंच त्याचं.

अशा सोवळ्या पाण्यावर सरांनी गावातल्या पुराचा नकाशा काढला. त्यात पुलाचा डावा काठ कोरडा. खऱ्या ओढ्याकाठचं तिथलंच एक घर माझ्या ताईनं पाळणाघरासाठी भाड्यानं घेतलं होतं.

"तुझ्या सरांची सही झाली की पोरांना तिकडे हलवते," ती फोनवर म्हणाली.

"थांब जरा, ताई."

"का गं? एवढे शिकलेत ते."

"तेच तर."

नकाशा मंजूर करायला नगरपालिकेचे अधिकारी आले, तेव्हा सरांनी सुटाबुटात पंप चालू केला. पाणी पुलाखालून शहाण्यासारखं निघून गेलं. सर असे हसले, जणू पावसानंही त्यांच्याकडेच शिकवणी लावली होती. मी बादली उचलली आणि पन्हळीत उपडी केली. पहिला गोटा पुलाला आडवा बसला, बाकीचे त्याच्यामागे, फटींत रेती. पाणी फुगलं आणि डाव्या काठावरच्या घरांवरून गेलं.

"पंप बंद करा," सर म्हणाले. "हा अपवाद आहे. ओढ्यात कोणी बादली ओततं का?"

"मग ओढ्यात दगड पोस्टानं येतात वाटतं," अधिकारी म्हणाले.

"नकाशा छापून झालाय," सर म्हणाले. त्यांच्या लेखी पुरानंही आता तो वाचून वागायचं होतं.

"सर, तुमच्या नातीला ठेवाल ताईच्या त्या घरात?" मी विचारलं.

"माझी नात घरीच असते."

मी त्यांच्यासमोरच ताईला फोन लावला आणि माझा प्रश्न आणि त्यांचं उत्तर जसंच्या तसं ऐकवलं.

"एवढे शिकलेले, आणि असे?" ती म्हणाली. "मग माझी पोरंही इथंच राहतील. घरमालकाला किल्ली परत देऊन येते."