हॅकवर्दीचं पुढलं दार

१९५५ सालच्या ऑक्टोबरातली, बाजाराच्या दिवशीची दुपार होती. थर्झा लस्कम डुकराच्या चरबीची वाटी घेऊन पुढल्या दारापाशी गुडघे टेकून बसली होती आणि अडसराला चरबी चोपडत होती. अडसर म्हणजे ओकचा जाडजूड वासा. भिंतीच्या पोटातून ओढून तो दाराआड सरकवला, की सहाशे वर्षांपूर्वी हे घर बांधणाऱ्या सरदाराला निवांत झोप लागत असे. आता तो तसूभरही हलेना. शेवटी तिनं गोठ्यातून जेस टॅपला हाक मारली. जेस तिच्याकडचा जुना गडी.

जेसनं आधी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. रविवारचा काळा झगा, गळ्याशी ब्रोच.

“घरात नवरी तर कुणी दिसत नाही, मालकीणबाई. मग तुम्हीच निघालात की काय? आधी सांगायचं, मी दाढी केली असती.”

“तोंडाला लावतोस तेवढा जोर त्या लाकडाला लाव.”

हॅकवर्दीच्या या जुन्या शेतवाड्यात ते दार फक्त दोघांसाठी उघडायचं: चर्चमधून आलेल्या नवरीसाठी आणि चर्चकडे निघालेल्या शवपेटीसाठी. बाकी सगळे, मग तो पाद्री असो की डुकरांचा व्यापारी, मागल्या दारानं, गोठ्याच्या चिखलातून यायचे. दोन्ही दारं घराच्या आरपार गेलेल्या बोळाच्या दोन टोकांना, एकमेकांसमोर. सरदाराच्या दिवाणखान्याला मध्ये तक्तपोशी घालून त्याचे दोन मजले केल्याला शतकं लोटली होती. खाली लस्कम मंडळी जेवायची, आणि वर, जुन्या धुरानं काळ्याठिक्कर पडलेल्या तुळयांखाली, सफरचंदं पसरलेली असायची. नक्षीच्या लाकडी आडभिंतीवर घोड्यांचं सामान टांगलेलं असे. देवघरात कोंबड्या होत्या. घरात जुनं असं कुणी काही जपलं नव्हतं. जपली होती ती ही दाराची रीत.

थर्झा स्वतः त्याच दारानं आत आली होती. तिच्या नवऱ्याला त्याच दारानं बाहेर नेलं होतं.

आणि आठ वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, बर्फ वितळून सगळीकडे राड झाली होती तेव्हा, तिचा एकुलता एक मुलगा गार्नेट डोरीनला घेऊन आला. युद्धाच्या दिवसांत शेतावर राबायला पाठवलेली ही हल शहरातली मुलगी. लग्न सरकारी कचेरीत लागलं होतं. गार्नेटनं दार उघड म्हणून विनवलं. थर्झा आतूनच म्हणाली होती, “चर्चमधून आली असती तर उघडलं असतं.” पुठ्ठ्याची पेटी छातीशी धरून, पांढरे बूट चिखलात रुतवत डोरीन मागून आली. आत आल्यावर तिनं बूट काढले, पेटी खाली ठेवली आणि विचारलं, “लस्कमबाई, चूल कुठंय?” त्यानंतर त्या बुटांचं काय झालं, थर्झानं कधी विचारलं नाही. घरात मूलही झालं नाही, म्हणजे पुढं नवरी येण्याचा प्रश्नच मिटला.

गेल्या हिवाळ्यात थर्झाला न्यूमोनिया झाला. डोरीन दगडी गोल जिन्यानं कढत पाण्याच्या बादल्या वर नेत राहिली. तापातून उठल्यावर थर्झाच्या मनानं एकच गोष्ट धरली. पण माफी मागायची जिभेला सवय नव्हती. डोरीनसाठी उघडलेलं दार ते काम करील, असं तिला वाटलं.

जेसनं खांदा लावला. अडसर कण्हत भिंतीत गेला. दार उघडलं आणि फरशीवर ऊन पडलं. थर्झानं जेसला पिटाळलं, खुर्ची ओढली आणि ती बाहेर बघत बसली. डोरीन अंडी विकायला गेली होती, आणि बाजाराची बस फाटकाशी थांबते हे तिला ठाऊक होतं.

डोरीन उतरली. अक्रोडाच्या झाडापाशी वळली आणि तिनं मान वर केली. थर्झानं हात हलवला, पण बोळ बाहेरून काळाकुट्ट दिसतो, आतलं माणूस दिसत नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही. डोरीन जागच्या जागी थिजली. हातातली टोपली पडली, अंडी नेलेल्या टोपलीतून आता कसली तरी पुडकी घरंगळली. मग ती धावत सुटली. दाराकडे नाही, तर कोठाराच्या अंगानं, रोजच्या वाटेनं.

थर्झाला काही कळेना. इतक्यात पाठीमागचं दार धाडकन उघडलं आणि सबंध बोळातून वारा सुटला.

“आई!”

या घरात तिला तशी हाक मारणारा फक्त गार्नेट होता. तिनं वळून पाहिलं. डोरीन चिखलानं गुडघ्यापर्यंत माखली होती.

“गार्नेट कुठंय?”

“नांगरतोय. कुठं असणार?”

“मग कोण गेलं?”

“कुणी नाही गेलं.”

“दार उघडं आहे.”

थर्झानं तोंड उघडलं. आठ वर्षांचं सगळं तिथं, दातांपाशी आलं होतं.

“घराला जरा वारा लागावा म्हणून,” ती म्हणाली.

डोरीन भिंतीला टेकून खाली बसली. मग ती म्हणाली, “पुन्हा असलं करू नका, लस्कमबाई. माझंच काळीज बंद पडलं असतं, म्हणजे दार उघडल्याचं सार्थक झालं असतं.”

ती उठली, तिनं दार लोटलं आणि अडसर ओढला. तो लोण्यासारखा सरकला. डोरीननं आपल्या तळव्याकडे पाहिलं, वास घेतला. मग खुर्चीकडे, काळ्या झग्याकडे, ब्रोचकडे पाहिलं. थर्झानं अजूनही खरं कारण सांगितलं असतं तर चाललं असतं.

“टोपली आण जा,” थर्झा म्हणाली. “मी चहा टाकते.”

थर्झा दोन हिवाळ्यांनंतर गेली. जेसनं अडसर ओढला, कसलीही थट्टा न करता. दाढी मात्र करून आला होता. डोरीन शवपेटीमागून चालत प्रथमच त्या उंबऱ्यावरून गेली, आणि दफन आटोपल्यावर सगळ्यांबरोबर मागल्या दारानं परतली. जेस पुढं बहिणीकडे राहायला गेला नि तिथंच संपला. गार्नेट एक्सेटर शहरातल्या दवाखान्यात वारला. त्याला तिथूनच परस्पर चर्चमध्ये नेलं, त्यामुळे त्याच्यासाठी दार उघडलंच नाही.

डोरीननं घर विकलं आणि ती गावात दोन खोल्यांत राहू लागली. नव्या मंडळींनी तक्तपोशी काढून दिवाणखाना पार छपरापर्यंत मोकळा केला. एकदा त्यांनी तिला चहाला बोलावलं. ती सवयीनं कोठाराच्या अंगानं मागं गेली. तिथं दार नव्हतं, मोठी काच होती. काचेत तिला एक म्हातारी दिसली, छातीशी केकचा पुठ्ठ्याचा डबा धरलेली.

“अहो, इकडून या. पुढून,” नव्या घरातली तरुण बाई हसत पुढं आली.

पुढलं दार सताड उघडं होतं. डोरीन उंबऱ्याशी थांबली. बाहेर कोरडं होतं, तरी तिनं बूट पुसले, पुन्हा पुसले. शेवटी त्या बाईनं तिचा हात धरला आणि तिला आत घेतलं.