लॅपटॉपचा अंगरखा

"पुन्हा मान टाकली यानं!" मोठ्या बाई कडाडल्या. "वायर काढली तेव्हा शंभर होते, आता बारा! तास तरी झाला का?"

शिवणखोलीतल्या चारही मशिनी क्षणभर थांबल्या आणि मुकाट्यानं पुन्हा सुरू झाल्या. पडदे शिवायच्या त्या खोलीत मोठ्या बाईंचा शब्द शेवटचा. अक्षरांशी त्यांचं कधी जमलं नाही, पण आकड्यांत त्यांना कुणी फसवून दाखवावं. उभी हयात टेप घेऊन गेलेली. लॅपटॉपच्या कोपऱ्यातला बॅटरीचा आकडा म्हणूनच त्यांना वाचता येई, आणि तोच नेमका त्यांच्या मुळावर उठला होता.

"आई, उद्याचं काय करायचं?" सून म्हणाली. पडद्यांची चित्रं तीच लॅपटॉपवर काढायची. "हॉटेलचं बांधकाम चालू आहे, तिथे अजून वीज नाही. साठ खोल्यांचे पडदे यावरच दाखवायचेत. तासभर तरी लागेल."

हे काम हातचं गेलं तर मशिनीवरच्या दोघींना घरी बसवायची पाळी येणार होती. ते दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून मशिनी जरा जास्तच जोरात चालल्या होत्या.

"तू बोटं फार आपटतेस त्यावर," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बोटांनी बॅटरी संपत नाही, आई."

"मग काय, रुसून संपते? आण इकडे. मीच जाऊन येते दुरुस्तीवाल्याकडे. तुमच्या भरवशावर राहिलं की झालंच कल्याण."

दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप पिशवीतून काढला आणि बघतच राहिला. लॅपटॉपला अंगरखा होता. जाड कापडाचे तीन पदर, आत कापूस, वर बारीक टाक्यांची नक्षी, दोन गुंड्या आणि वायर जायला सुबक काज.

"काकू, चार्जिंग चालू असतानाही हा यातच असतो?"

"ठेवतात तसंच," मोठ्या बाई जपून म्हणाल्या. "धूळ बसत नाही. आणि वायर दिवसरात्र लावलेली. टाकी कशी, कायम भरलेली बरी."

"अहो, भर उन्हात माणसाला दुलईत गुंडाळून बसवाल का? भाजून निघाली बिचारी! बॅटरी सतत तापत राहिली की लवकर म्हातारी होते. कुणी शिवला हा?"

मोठ्या बाईंनी दोन्ही गुंड्यांकडे पाहिलं. स्वतःचा टाका त्यांनी आजवर दुसऱ्याच्या नावावर कधी लावला नव्हता.

"सुनेनं," त्या म्हणाल्या.

"सांगा तिला, पुन्हा घालू नको म्हणावं. नवी बॅटरी आठ दिवसांनी येईल. उद्यापुरतं सांगतो. स्क्रीनचा उजेड कमी ठेवा, इंटरनेट बंद, नको ते सगळं बंद. काम सुरू होईपर्यंत लॅपटॉप उघडूच नका."

घरी येऊन मोठ्या बाईंनी हे सगळं सुनेला ऐकवलं, जणू स्वतःच्याच डोक्यातून निघालंय. अंगरख्याबद्दल चकार शब्द नाही. सुनेनं पिशवीतल्या अंगरख्याकडे नुसतं पाहिलं. रोज ती तो काढून ठेवायची, आणि ती जेवायला उठली की मोठ्या बाई पुन्हा चढवायच्या. सांगून सांगून तिनं हात टेकले होते.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई सोबत गेल्याच. तिसऱ्या मजल्यावर खिडक्यांना अजून काचा नव्हत्या, ऊन थेट आत. मॅनेजर अर्धा तास उशिरा आले.

"उघडू नकोस," मोठ्या बाई पुटपुटत राहिल्या. "त्यांची धाप कमी होऊ दे, मग उघड."

दहाव्या खोलीच्या चित्रापर्यंत आकडा ऐंशीवर आला.

"मला काहीच दिसत नाही हो," मॅनेजर डोळे बारीक करत म्हणाले. "उजेड वाढवा ना."

सुनेनं वाढवला. ऐंशीचे बघता बघता सत्तर झाले, मग त्रेसष्ट. पडद्याच्या एका झालरीवर मॅनेजरांचं मन बसेना.

"कमी कर तो उजेड!" मोठ्या बाईंनी पिशवीतून अंगरखा काढला, कंबरेची कात्री घेतली आणि बाजूची शिवण सरळ कापून टाकली. तो पसरून त्यांनी लॅपटॉपच्या वर छपरासारखा धरला. "साहेब, वाका. अजून वाका. मोडत नाही कंबर."

मॅनेजर डोकं आत घालून उभे राहिले. "हां, आता दिसतंय!" आतून आवाज आला.

मोठ्या बाईंचे हात भरून आले, पण त्या हलल्या नाहीत. त्रेचाळिसाव्या खोलीचं चित्र दाखवून लॅपटॉप विझला.

"मेल्या, सतरा खोल्यांसाठी दम नाही धरवला?" त्या म्हणाल्या.

मॅनेजर बाहेर आले, घाम पुसला. "पुढच्या खोल्या याच मापाच्या आहेत. चालेल. शिवायला घ्या." मग त्यांनी कापलेला अंगरखा हातात घेऊन उलटासुलटा केला. "पडद्यांनाही असाच टाका हवा. कुणाचा हात हा?"

सुनेनं सासूकडे पाहिलं.

"माझा," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि यात कोंबून बॅटरीही मीच भाजली. ही सांगत होती, मी ऐकलं नाही."

दोघी जिना उतरू लागल्या.

"आई, जाता जाता दुरुस्तीवाल्याकडून जाऊ या?"

"कशाला? बॅटरी तर आठ दिवसांनी येणार."

"काल त्यांचा फोन आला होता. म्हणाले, वहिनी, टाका छान आहे तुमचा, पण लॅपटॉपवर दया करा."

मोठ्या बाई पायरीवरच थांबल्या. "मेल्याच्या पोटात काही राहत नाही," त्या म्हणाल्या. "चल. सांगून टाकते एकदाचं."