दाराजवळची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते, कारण लोकांना या दोन्हींतला फरक कळत नाही. विद्यापीठाच्या आवारात, कँटीनच्या मागे एक बुटकी इमारत आहे. तिच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत, दारापाशी माझा मुक्काम असतो. आजवर मी अनेकांचे वजन पेलले, पण आज सांगायची आहे ती एका मुलीची गोष्ट, आणि तिच्यापायी माझीही.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. आम्ही सगळ्या बहिणी वाचनालयासाठी घडत होतो. सुताराचा हात चांगला होता, पण माझा शेवटचा पाय कापायच्या वेळी त्याला कडकडून भूक लागली होती. पाय किंचित आखूड राहिला. "चालतंय की," असे म्हणून त्याने मला पॉलिश फासले आणि तो जेवायला गेला. त्याचे पोट भरले, माझ्या नशिबी मात्र जन्माचे डुगडुगणे आले.

वाचनालयात सुरुवातीला माझे कौतुक झाले. नव्या वस्तूचे होतेच. पण बसणाऱ्याने जरा हालचाल केली की मी 'टक' करायची आणि त्या शांततेत सगळ्यांच्या माना वळायच्या. मुले नाक मुरडत. ग्रंथपाल डोळे वटारत, तेही मुलांवर नव्हे, माझ्यावर! शेवटी माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे फुटके फळे आणि विटलेले पडदे यांच्या संगतीत किती काळ गेला, कुणास ठाऊक. मला फार वाईट वाटायचे.

मग एके दिवशी दार उघडले आणि एका बाईंनी मला ओढून बाहेर काढले. त्यांना सगळे ताई म्हणतात. ताई विद्यापीठात समुपदेशक आहेत. मुलांचे मनापासून ऐकून घेणे आणि त्यांना सावरायला मदत करणे हे त्यांचे काम. दर आठवड्याला त्यांच्याकडे काही विद्यार्थी जमत. वरवर पाहिले तर ते चारचौघांसारखेच होते, थट्टामस्करी करणारे, परीक्षेला वैतागणारे. पण मन असह्य दुखले तेव्हा त्यांनी कधी ना कधी स्वतःच्याच शरीराला इजा केली होती आणि मग लाजेने ते कुणापाशी बोलले नव्हते. ताई त्यांना शांत बसून, समोरच्या क्षणाकडे लक्ष द्यायला शिकवत.

"इजा करून घ्यावीशी वाटणं ही एक लाट असते," त्या सांगत. "ती चढते, तशीच ओसरते. ओसरेपर्यंत कुणाच्या तरी सोबत राहायचं आणि तिच्यामागे वाहत जायचं नाही. एवढंच शिकायचंय आपल्याला."

एवढंच म्हणे! जन्मभर एका जागी उभे राहूनही मला ते अजून जमलेले नाही.

त्यांच्या गोलात एक खुर्ची कमी पडत होती, म्हणून माझी वर्णी लागली. डुगडुगते म्हणून मला जरा बाजूला, दाराजवळ ठेवले.

आणि ती आली. घरांचे आराखडे काढायचे शिक्षण घेणारी मुलगी. पाठीवर नकाशांची लांबलचक नळी, उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा. सगळे तिला 'नकाशा' म्हणत आणि तीही ओ देई. बाकीचे यायचे होते, गोलातल्या चांगल्या खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी ती माझ्यावर येऊन बसली. मी फुशारून गेले. नंतर कळले, तिला मी नव्हे, दार जवळचे वाटले होते.

त्या पहिल्या बैठकीत ताईंनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. "आता लक्ष पावलांकडे न्या. मग गुडघ्यांकडे. आता हात, खांद्यापासून मनगटापर्यंत, अगदी सावकाश..." मनगट हा शब्द ऐकला आणि नकाशाने डोळे उघडले. तिचे अंग कापू लागले, तशी मी टक टक टक वाजू लागले. मग ती ताडकन उठली, मी उलटी पडले आणि ती दारातून निघून गेली.

सगळे गेल्यावर ताईंनी मला उभे केले आणि त्या माझ्यावरच बसून राहिल्या. त्या स्वतःवर चिडल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात नकाशा आली, ती विसरलेली नळी न्यायला.

"मी थांबणार नाहीये," ती दारातूनच म्हणाली. "सगळ्यांना जमतं, मलाच नाही जमत."

"चूक माझी झाली," ताई म्हणाल्या. "मी सगळ्यांना एकाच वाटेनं घेऊन गेले. तुला विचारलंच नाही."

"हातांकडे लक्ष गेलं की मला तेच सगळं आठवतं."

"मग हात राहू देत. डोळेही उघडे ठेव. मला सांग, या खोलीत असं काय आहे, ज्याचा तुला त्रास होत नाही?"

ती विचार करत माझ्यावर टेकली. टक.

"ही खुर्ची," ती म्हणाली आणि तिला हसू आले. "हिचंही माझ्यासारखंच आहे. कुठे नीट टेकत नाही."

"मग खुर्ची तर खुर्ची!"

मित्रांनो, लाकडाला मांस चढत असते, तर त्या दिवशी माझ्या अंगावर मूठभर नक्की चढले असते. तेव्हापासून ती येऊन बसे, पाठ माझ्या पाठीला लावी आणि माझ्या टकटकीवर लक्ष ठेवी. कधी लाट आली की मी भराभर वाजे, मग सावकाश आणि मग गप्प होई. गोलातला एक ताडमाड मुलगा होता, त्याला सगळे 'शिडी' म्हणत. तो तिला चिडवी, "आपल्यात सगळ्यात जास्त तुझी खुर्चीच बोलते. चहा तिलाही सांगू या का?"

मग सुट्टी लागली. दुरुस्तीला आलेल्या सुताराने माझ्या आखूड पायाखाली रबराचा जाड तुकडा ठोकला. आयुष्यात पहिल्यांदा मी चारही पायांवर सरळ उभी राहिले. किती मिरवू आणि किती नको, असे मला झाले होते!

सुट्टी संपली आणि नकाशा आली, तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडलेला होता. परीक्षकांनी तिच्या वर्षभराच्या कामाची सगळ्यांदेखत टर उडवली होती. ती धप्पकन माझ्यावर बसली. हलली. आवाज नाही. पुन्हा जोराने हलली. मी ढिम्म.

"ताई, हिला काय केलंत?" तिचा आवाज फाटला. ती उठली. एक पाय दाराबाहेर पडला. या अवस्थेत ती एकटी गेली तर काय होईल, या विचाराने माझा जीव खालीवर होत होता. मला एकदाच, फक्त एकदाच वाजायचे होते.

ताईंनी दार अडवले नाही. "दुरुस्त झाली ती. मी तुला आधी सांगायला हवं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "ओसरेपर्यंत मी तुझ्याजवळ बसू?"

तिने बाहेर पडलेला पाय आत घेतला. मग म्हणाली, "बसा."

ती परत माझ्यावर बसली आणि तिने कुणीही न सांगता आपला उजवा तळवा डाव्या बाहीवर ठेवला. झोपलेल्या बाळावर ठेवावा, इतका हलका. तिचे अंग थरथरले, श्वास जोरात चालला, मग तिचे वजन हळूहळू माझ्यावर उतरले. तिने स्वतःला सावरले होते, आणि मी त्यात काहीही केले नव्हते.

"गेली लाट," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "ताई, मला बाबांना सांगायचंय. त्यांना काहीच माहीत नाही."

तिचे बाबा बस चालवतात. निरोप मिळताच ते गणवेशावरच आले. ताईंनी त्यांना माझ्यावर बसवले आणि लेकीने त्यांना सगळे सांगितले. ते ओरडतील, अशी तिला धास्ती होती. ते ओरडले नाहीत. टोपी हातात फिरवत राहिले.

"कधीपासून?"

"शाळेत होते तेव्हापासून."

"आणि मी रोज विचारायचो, अभ्यास झाला का," ते म्हणाले आणि त्यांना रडू फुटले. "आता काय करू मी? मला यातलं काही येत नाही गं."

"काही करू नका, बाबा. नुसते बसा जरा."

मित्रांनो, माझे मागणे थोडके आहे. तुमच्या आत असे काही सलत असेल, तर लाज बाळगू नका. ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे, अशा मोठ्या माणसाला सांगा आणि लाट ओसरेपर्यंत एकटे राहू नका. आणि तुमच्यापाशी येऊन कुणी असे सांगितले, तर उपदेश करायची घाई करू नका. जगात खुर्च्यांना तोटा नाही. एक ओढून घ्या आणि जवळ बसा.