भिंतीवरची तीन बटणे

मित्रांनो, मी कडबाकुट्टी. गुरांची वैरण बारीक करणारे जुने यंत्र. मला भीती वाटते, आणि तीही माझीच. माझे दोन रूळ वैरण आत ओढतात, मागे पाती फिरतात. वैरण कोणती आणि बोट कोणते, हे त्या पात्यांना कळत नाही.

कारखान्यात माझ्या तोंडावर जाळी बसवली होती. गोठ्यात आल्या आल्या मालकाने ती काढून फेकली. म्हणे, काम हळू होते! मला चालवायला शिकवणारा माणूस आला, तेव्हा गल्लीतले सगळे बाप्ये कोंडाळे करून उभे राहिले. ज्या दोघी जावा रोज माझ्या तोंडात वैरण घालणार होत्या, त्या आत त्यांच्यासाठी चहा गाळत होत्या.

पहिल्याच दिवशी थोरलीने नवऱ्याला, म्हणजे मालकाला, विचारले, "बंद कुठून करायचं?"

"ते मी बघतो. तू नुसती वैरण घाल."

"मग माझा विळाच बरा."

मालक जमलेल्या बाप्यांकडे बघून फिदीफिदी हसला. "घाबरट! अहो, बायकांना यंत्राचं वावडंच!"

ते ऐकून धाकटी पुढे झाली आणि वैरण घालू लागली.

एका सकाळी मालकाचा फोन वाजला. मला तशीच चालू ठेवून तो बोलत बोलत रस्त्यावर गेला. तेवढ्यात धाकटीची बाही रुळात आली.

"जाऊबाई! हात! बंद करा हो!"

थोरली धावली. भिंतीवर तीन बटणे. कुठले माझे, कोणी दाखवलेच नव्हते. तिने एक दाबले, दिवा लागला. दुसरे दाबले, पाण्याची मोटर घरघरली. आणि मी तो हात ओढतच होते, मित्रांनो. मला थांबता येत नव्हते, ओरडता येत नव्हते. तिसरे बटण दाबले. मी थांबले. पात्यांपासून बोटे दोन इंचांवर होती.

मालक धावत आला. "साधी बाही आवरता येत नाही?"

थोरली धाकटीची बाही सोडवत बोलली. "जाळी लावा. बटण पुढं आणा. तोवर वैरण तुम्ही घाला. बंद कुणी करायचं ते आम्ही बघतो."

तीन दिवस त्याने वैरण घातली. दर मुठीला मान वळवून भिंतीकडे बघत होता. चौथ्या दिवशी वायरमन आला आणि जाळीही परत बसली.

आता थोरली मला चालवते. धाकटी दारापर्यंत येते आणि परत फिरते. तिला घाबरट म्हणायची कोणाची हिंमत आहे? तुमच्या घरी यंत्र आले, तर ते चालवणारीला आधी बंद करायला शिकवा. मग चालू करायला सांगा.